वहाळात, खाडीत मासे मरून वर आले तर कारण कसं शोधायचं

कोकणातल्या बहुतेक वहाळांना, पऱ्यांना (ओढ्यांना) आणि खाड्यांना मासे मरण्याचे दोन हंगाम आहेत. पहिला फाल्गुन ते वैशाख. धार तुटते आणि पाणी कोंडीकोंडीत, म्हणजे पात्रातल्या खोल डबक्यांत उरतं. दुसरा मृगाच्या पहिल्या मोठ्या सरींनंतरचा. दरवर्षी तेच होतं. सकाळी कुणीतरी काठावर जातो, पांढरी पोटं वर करून पडलेले मासे बघतो, फोटो मोबाइलवर फिरतात. गावकरी जवळच्या कारखान्याचं नाव घेतात, कारखानेवाले उन्हाचं नाव घेतात. दोन दिवसांत मासे कुजून वाहून जातात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच सकाळ येते.

माझं म्हणणं एवढंच आहे की मेलेला मासा फार थोडं सांगतो. मरतूक कुठून सुरू झाली, किती वाजता झाली आणि कोण जिवंत राहिलं, यावरून बरंच कळतं. हे सगळं पहिल्या काही तासांत नुसत्या डोळ्यांनी बघता येतं. त्यानंतर ते कायमचं निघून जातं.

सर्वात आधी हे करा

ते मासे खाऊ नका, विकू नका, कोंबड्या-डुकरांना घालू नका. मासे ताजे दिसतात म्हणून पाटी भरून नेणारे लोक दरवेळी असतात, आणि त्या माशात काय गेलंय ते तेव्हा कुणालाच माहीत नसतं. गुरं त्या पाण्यावर सोडू नका. खालच्या अंगाला नळपाणी योजनेची विहीर किंवा पंप असेल तर सरपंचांना सांगून पंप लगेच बंद करायला लावा. मासे उचलायचे असतील तर हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हातावर चढवून उचला.

मरतुकीचं वरचं टोक

आता काठाने वर चालत जा. मेलेला मासा धारेबरोबर खाली वाहतो, वर कधीच जात नाही. म्हणून खाली मासे कुठवर पडलेत याला फारसा अर्थ नसतो, पण वरचं टोक बहुधा खरं बोलतं. जिथवर मासे मेलेत आणि जिथून वर ते जिवंत पोहताना दिसतात, त्या दोन जागांच्या मधेच काहीतरी पाण्यात आलेलं असतं. तो पट्टा पन्नास मीटरचा असेल तर तुमचं निम्मं काम झालं. त्या पट्ट्यात काय काय आहे ते बघा: एखादा पाइप, गटार, नाला, पुलाचं काम, फवारणीचा पंप भरायची जागा, टँकर उभा राहील असा रस्ता. टायरच्या ताज्या खुणांचाही फोटो काढा. रात्री टँकर रिकामा करणाऱ्याला रस्त्याला लागून असलेला वहाळच सोयीचा पडतो.

वर उगमापर्यंत सगळ्या कोंडींत आणि शेजारच्या, दुसऱ्या खोऱ्यातल्या पऱ्यातही त्याच दिवशी मासे मेले असतील, तर एका पाइपावर संशय घेण्यात अर्थ नाही. आटलेलं पाणी, ऊन, कुजलेला पाला याकडे बघा. आणि फक्त एकाच कोंडीत मेले असतील, वर-खाली सगळं ठीक असेल, तर बहुतेक वेळा मासे पकडण्यासाठी कुणीतरी विष टाकलेलं असतं.

वेळेचा हिशोब लगेच लिहून ठेवा. धार सेकंदाला अर्धा मीटर धावत असेल तर पाणी तासाला १.८ किलोमीटर पुढे जातं. पहाटे चारला काही सोडलं आणि तुम्ही आठला बाटली भरली, तर मासे मारणारं पाणी सात किलोमीटर खाली गेलेलं असतं आणि तुमच्या बाटलीत मागून आलेलं स्वच्छ पाणी असतं. ‘नमुना निर्दोष’ असा अहवाल अनेकदा असाच येतो. म्हणून एक माणूस वर पाठवा आणि दुसरा गाडीने खालच्या पुलावर पाठवा. तिथे मासे अजून तडफडत असतील तर मारणारं पाणी तिथे आत्ता पोचलंय. नमुना तिथलाच घ्या.

कोण मेलं, कोण वाचलं

यावर मी जास्त भर देतो, कारण एवढ्या एका निरीक्षणाने अर्ध्या शंका गळतात.

मोठे मासे आधी मेले, छोटी पिल्लं काठाच्या उथळ पाण्यात जिवंत आहेत, मरतूक पहाटेची आहे आणि मरण्याआधी मासे तोंड वर काढून पाण्याच्या पृष्ठभागावर हवा ओढत होते, तर पाण्यातला प्राणवायू संपला. अशा वेळी मरळ हमखास वाचलेली सापडते, कारण ती थेट हवेतून श्वास घेते. कोंडीत सगळे मासे मेलेत आणि मरळ मात्र धडधाकट आहे, हे दृश्य प्राणवायूकडे बोट दाखवतं. मरळही उलटी पडली असेल तर विषाचा संशय घ्या.

छोटे-मोठे सगळे एकदम, दिवसाच्या कुठल्याही वेळी, वेडेवाकडे गोल फिरत, उसळ्या मारत मेले, तर ते विष. त्यात कोळंबी, कुर्ल्या आणि पाण्यावर चालणारे किडेसुद्धा मेले असतील तर कीटकनाशकाचा संशय पहिला. माशांइतकीच किंवा त्याहून जास्त ही औषधं कवचाच्या प्राण्यांना लागतात. उलट मासे मेले पण गोगलगायी, कुर्ल्या शाबूत आहेत, तर दुसरीकडे शोधा.

एकाच जातीचे मासे, रोज थोडे थोडे, आठवडाभर मरतायत आणि अंगावर लाल जखमा आहेत, तर रोग आहे. १९८८च्या सुमारास भारतात आलेला जखमांचा रोग थंडीच्या दिवसांत अजूनही दिसतो. दहा जातींचे मासे एका रात्रीत रोगाने मरत नाहीत. ‘काहीतरी साथ असेल’ असं उत्तर मिळालं तर हे आठवा.

कल्ले उघडून बघा. ताज्या माशाचे कल्ले लाल असतात. चॉकलेटी रंगाचे असतील तर नायट्राइट, पांढरे भाजल्यासारखे असतील तर ब्लिचिंग पावडर किंवा आम्ल-अल्कली, चिकट शेंबूड साचलेला असेल तर कल्ल्यांना त्रास देणारं काहीही. पाण्यात राहून फुगलेल्या माशाचे कल्ले बघू नका, त्यांचा रंग मेल्यावर उतरलेला असतो. बरेच मासे आधी तळाला बसतात आणि पोटात वायू धरल्यावर वर येतात, त्यामुळे फुगून तरंगणारा मासा काही तास आधीच गेलेला असतो.

प्राणवायू: सर्वात जास्त वेळा हाच

३० अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू दर लिटरला मावतो. खाऱ्या पाण्यात त्याहून कमी. पाच मिलिग्रॅमच्या वर मासे सुखात असतात, तीनच्या खाली गुदमरतात, दोनच्या खाली बहुतेक मरतात. मत्स्यजीवनासाठीच्या पाण्यात किमान चार मिलिग्रॅम प्राणवायू आणि ६.५ ते ८.५ सामू (पीएच) असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. हे आकडे जवळ ठेवा, अहवाल वाचताना लागतील.

मे महिन्यातल्या कोंडीत हा साठा आधीच तुटपुंजा असतो. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तेच शेवाळ तो खातं, म्हणून सगळ्यात वाईट वेळ सूर्योदयाच्या आधीची. त्यात ऐन-किंजळीचा पाला कुजून पाणी चहाच्या रंगाचं झालेलं. एवढं निसर्गतः होतं आणि काही मासे दरवर्षी त्याने मरतात, हे मान्य करायलाच हवं.

पण त्या कोंडीत काजूच्या बोंडांचा ढीग कुणी लोटला, कॅनिंगचं साल-कोयींचं पाणी आलं, कोंबडीखाद्याची किंवा शेणाची घाण आली, नगरपंचायतीचं गटार आलं, तर तीच कोंड दोन रात्रींत मरते. यातलं काहीही विष नाही. कुजताना ते प्राणवायू खातं, बस. म्हणून ‘आमच्या पाण्यात रसायन नाही’ हे उत्तर खरं असूनही अपुरं असतं.

कारखान्यांच्या बाबतीतही हाच हिशोब लावून बघा. नदीत सोडायच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याला बीओडी (घाण कुजताना लागणारा प्राणवायू) लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, असा सर्वसाधारण निकष आहे. म्हणजे त्या एका लिटरला तीन दिवसांत ३० मिलिग्रॅम प्राणवायू लागू शकतो. नदीच्या एका लिटरकडे आहेत फार तर सात-साडेसात. जुलैत शेकडो पट पाणी मिसळतं म्हणून ते निभावतं. एप्रिलमध्ये मिसळायला पाणीच नसेल तर कायद्यात बसणारं सांडपाणीही मासे मारू शकतं. म्हणून उन्हाळ्यातल्या तक्रारीत ‘निकष पाळला का’ याबरोबर ‘त्या दिवशी नदीला धार किती होती’ हेही विचारायचं.

वाशिष्ठीच्या काठच्या लोकांना यात आणखी एक गोष्ट धरावी लागते. कोयनेचं अवजल वीजनिर्मितीनंतर वाशिष्ठीत येतं, त्यामुळे इतर नद्या आटतात तेव्हाही तिला धार असते. पण ती धार वीजनिर्मितीप्रमाणे कमी-जास्त होते. मरतुकीच्या आदल्या दिवशी पाणी उतरलं होतं का, हे घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांना अचूक माहीत असतं. त्यांना विचारा.

आंब्याची फवारणी

हे लिहिताना मला आपल्याच लोकांना दुखवायचं नाही, पण मासे मरण्याचं हे कारण गावात कुणी तोंडावर घेत नाही.

मोहोर येण्याआधीपासून फळ सुपारीएवढं होईपर्यंत हापूसच्या बागेत ठराविक अंतराने फवारण्या होतात. डेल्टामेथ्रीन, लॅम्बडा सायहॅलोथ्रीन, इमिडाक्लोप्रिड ही नावं प्रत्येक बागायतदाराला पाठ आहेत. यातली पहिली दोन पायरेथ्रॉइड गटातली आणि माशांना, कोळंबीला भयंकर विषारी. लिटरला एक मायक्रोग्रॅमच्या आसपास, कित्येकदा त्याच्याही खाली, ती मासे मारतात.

हिशोब करून बघा. लॅम्बडा सायहॅलोथ्रीन ५ टक्के, लिटरला ०.६ मिली, म्हणजे फवारणीच्या प्रत्येक लिटरमध्ये ३० मिलिग्रॅम औषध. टाकीच्या तळाला उरलेलं दहा लिटर द्रावण वहाळात ओतलं तर ३०० मिलिग्रॅम, म्हणजे तीन लाख मायक्रोग्रॅम गेलं. वीस मीटर लांब, दहा मीटर रुंद, दीड मीटर खोल कोंडीत पाणी असतं तीन लाख लिटर. अख्खी कोंड एका मायक्रोग्रॅमवर येते. यातलं पुष्कळ औषध गाळाला आणि पाल्याला चिकटून बसतं, म्हणून दरवेळी सगळेच मासे मरत नाहीत. पण कोळंबी आणि किडे वाचणं कठीण. आणि किडे गेले की उरलेल्या माशांना खायला राहत नाही.

बाटलीवरचा रंगीत त्रिकोण बघून फसू नका. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग माणसासारख्या सस्तन प्राण्यांना होणाऱ्या विषबाधेवरून ठरतात. निळ्या त्रिकोणाचं औषध माशांना जहाल असू शकतं.

उपाय अवघड नाही. पंप वहाळात बुडवून भरायचा नाही, बादलीने पाणी बागेत न्यायचं. टाकी, नळ्या, बाटल्या बागेतच तीन वेळा धुवायच्या आणि ते पाणी झाडांवरच मारायचं. उरलेलं द्रावण ओतायची वेळच येऊ नये इतकं मोजून करायचं. ज्या वाडीत सगळ्या बागायतदारांनी हे ठरवून पाळलं, तिथला वहाळ आधी कोळंबीकडे बघून ओळखता येतो.

विष टाकून मासेमारी

पूर्वी गेळफळ, कुंभ्याची साल, रामेठा ठेचून डबक्यात घालायचे. त्याने कल्ले बधिर होऊन मासे वर यायचे आणि असर एका डबक्यापुरता असायचा. आज त्या जागी टीसीएल पावडर (ब्लिचिंग पावडर) आणि शेतीची औषधं आली आहेत. खुणा सोप्या: एकच कोंड, रात्रीची वेळ, मोठे मासे गायब, बारीक मासे तसेच टाकून दिलेले, काठावर पिशवी किंवा बाटली. ताज्या ब्लिचिंग पावडरीत पंचवीस ते तेहतीस टक्के क्लोरीन असतो आणि लिटरला ०.१ मिलिग्रॅमही माशांना जीवघेणा ठरू शकतो. तो पाण्यातून लवकर उडून जातो, दुपारपर्यंत वासही राहत नाही. जिलेटीनच्या कांड्यांनी मेलेल्या माशाचं पोट चिरलं तर आतली हवेची पिशवी फाटलेली दिसते, कणा मोडलेला असतो.

पाण्यात स्फोट करून किंवा विष घालून मासे मारणं १८९७च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासूनच गुन्हा आहे. पोलीस पाटलांना हे सांगा. ‘मासे मारले तर काय झालं’ म्हणणाऱ्यांना कायदा सव्वाशे वर्षांपूर्वीचा आहे हे माहीत नसतं.

सिमेंट, माती

महामार्गाच्या, पुलांच्या कामाजवळ मिक्सर धुतलेलं पाणी वहाळात गेलं तर सामू ११-१२ पर्यंत चढतो. सामू मोजायची पट्टी औषधाच्या किंवा प्रयोगशाळा साहित्याच्या दुकानात मिळते, प्रत्येक ग्रामपंचायतीत तिचा डबा असावा. सामू चढल्याने आणखी एक गोष्ट होते: सामू ७ असताना पाण्यातल्या अमोनियाचा जेमतेम एक टक्का भाग विषारी रूपात असतो, ९ झाला की एक तृतीयांशाहून जास्त. त्यामुळे गटाराचं पाणी आणि सिमेंटचं पाणी वेगवेगळं आलं असतं तर निभावलं असतं, ते एकत्र आलं की मरतूक होते.

नुसतं लाल पाणी बघून खाणीला दोष देऊ नका. जांभ्याच्या मुलखात जूनचं पाणी लालच असतं आणि आपले मासे त्याला सरावलेले आहेत. गाळाने अंडी आणि कोंडी बुजतात, ते नुकसान मोठं आहे, पण एका रात्रीत होणारी मरतूक गाळाची क्वचितच असते.

खाडी वेगळी का

खाडीत ‘वरचं टोक’ शोधता येत नाही, कारण भरती घाण वरही नेते. सावित्रीच्या, कुंडलिकेच्या किंवा दाभोळच्या खाडीत, म्हणजे महाड, रोहा-धाटाव, लोटे-परशुराम अशा औद्योगिक वसाहतींच्या खालच्या अंगाला, मरतुकीची नोंद भरती-ओहोटीसकट घेतली नाही तर ती नोंद कामाची नाही. आपल्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. तिथी लिहून ठेवली की पुढे वर्षभराच्या नोंदी शेजारी ठेवता येतात. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी लहान असते तेव्हा, पाण्याची ये-जा कमी, घाण जागच्या जागी घोळत राहते. मरतुकी सारख्या भांगालाच येत असतील तर रोज थोडं थोडं काहीतरी खाडीत येतंय आणि साचतंय. उधाण असो, भांग असो, कधीही येत असतील तर कुणीतरी मधूनच एकदम सोडतंय.

मृगात खाडीला गोडं पाणी एकदम भरलं की तिसऱ्या, कालवं ही शिंपली काही प्रमाणात मरतात. ते दरसालचं आहे. पण बोय, शेवटे, काळुंदर हे गोड्या-खाऱ्या दोन्हींत वावरणारे मासे गोड्या पाण्याने मरत नाहीत. ते मेले तर पावसाने वर्षभराची साचलेली घाण धुऊन आणली, किंवा पावसाच्या आडून साठवलेलं पाणी सोडलं गेलं. या दोन्हींत फरक करायचा तर पहिल्या सरीच्या आदल्या दिवशीचा नमुना लागतो. खाडीकाठच्या गावांनी तो मे अखेरीस घेऊन ठेवावाच.

नमुना आणि तक्रार

बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, आत हवा राहू देऊ नका, बर्फात ठेवा. एक वरच्या अंगाची, एक मरतुकीच्या जागेची, एक खालची. कीटकनाशकाचा संशय असेल तर काचेचीच बाटली घ्या आणि झाकणाखाली अॅल्युमिनियमचा कागद लावा. विरघळलेला प्राणवायू जागेवरच मोजावा लागतो, बाटली गाडीने नेईपर्यंत तो आकडा बदलतो. मत्स्यालयवाल्यांकडे प्राणवायू, अमोनिया, सामूचे साधे संच मिळतात. मासे घ्यायचे तर मरायला टेकलेले, ताजे, बर्फात.

एवढं करूनही तुमचा नमुना दिशा दाखवण्यापुरता असतो. १९७४च्या जल प्रदूषण कायद्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर घेतलेला, दोन भागांत सीलबंद केलेला सांडपाण्याचा नमुना न्यायालयात चालतो. म्हणून फोन पहिल्या तासात झाला पाहिजे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची उपप्रादेशिक कार्यालयं महाड, चिपळूण, रत्नागिरी इथे आहेत. फोनमागोमाग ईमेल करा, म्हणजे वेळेची नोंद राहते. मत्स्यव्यवसाय विभागालाही कळवा. रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातली मंडळी माशांच्या बाबतीत मार्ग दाखवू शकतात. तलाठी किंवा ग्रामसेवकांकडून त्याच दिवशी पंचनामा करून घ्या. त्यात जाती, अंदाजे संख्या, वेळ, तिथी, पाण्याचा रंग-वास आणि काय जिवंत होतं, हे सगळं यायला हवं. विश्लेषण अहवाल दिला नाही तर माहिती अधिकारात मागा. मच्छीमारांच्या नुकसानभरपाईसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातल्या खंडपीठाकडे पाच वर्षांच्या आत अर्ज करता येतो, पण तिथे उभं राहायला हेच पंचनामे लागतात.

आणखी एक प्रश्न हमखास येतो: मरतुकीनंतर वहाळात मासे आणून सोडावेत का? रोहू, कटला, तिलापिया अजिबात नको, ते आपल्या वहाळाचे नाहीत आणि तिलापिया एकदा शिरली की हटत नाही. वरच्या अंगाला आणि उपनाल्यांत मासे जिवंत असतील तर चढणीच्या दिवसांत, म्हणजे पहिल्या पावसात मासे धारेवर चढतात तेव्हा, ते आपोआप पसरतात. त्यांना फक्त वाट मोकळी हवी. आगोटीआधी, म्हणजे पाऊस लागण्याआधी, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या फळ्या आणि वनराई बंधाऱ्याच्या गोणी काढल्यात का ते बघा, आणि त्या पावसात चढणीच्या माशांवर पाग किंवा काठी कुणी चालवणार नाही, असा ग्रामसभेत ठराव करून घ्या.